फुलपाखरं येतात पण थांबत नाहीत : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण लिहिलं होतं की कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर, सोसायटीत, शाळेच्या आवारात कुणी फुलपाखरांसाठी नि मधमाश्यांसाठी बाग करत असेल तर अडचणी कळवा. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडून आली. सगळी इथे घेता येत नाहीत, पण ज्यांची उत्तरं बऱ्याच जणांना उपयोगी पडतील ती घेतलीयेत. पाऊस सुरू झालाय, लावणीचे दिवस आहेत, म्हणून लगेच उत्तरं देते.

ताई, आमच्या कॉलनीतली ओपन स्पेस कित्येक वर्षं पडून होती, नुसतं गाजर गवत आणि कचरा. आम्ही काही घरांनी वर्गणी काढून ती साफ केली, नर्सरीतून पिटुनिया, बोगनवेल, झेंडू, डबलची जास्वंद आणली, लॉन टाकलं, बटरफ्लाय गार्डन असा बोर्ड पण लावला. फुलपाखरं येतात, एक चक्कर मारतात आणि जातात. काय कमी पडतंय? (मिरज)

पानं कमी पडतायत. फुलातला मकरंद प्यायला फुलपाखरू कुठेही जातं, पण अंडी घालायला मादीला ठराविक झाडच लागतं, कारण अळी बाहेर आली की ती तेच पान खाणार असते, दुसरं खातच नाही, उपाशी मरते पण खात नाही. मादी येऊन पानावर पाय टेकवते, पायांनीच तिला चव कळते आणि हे आपलं झाड नाही असं कळलं की निघून जाते. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. तुमच्या यादीत एकही झाड असं नाही की ज्यावर आपल्याकडची नेहमीची फुलपाखरं वाढतील. डबल जास्वंदीत पाकळ्यांची एवढी गर्दी असते की मकरंदापर्यंत पोचणं अवघड, आणि बोगनवेलीचा जो रंग आपल्याला दिसतो ती पानं असतात, फूल आत बारीकसं असतं.

आता काय लावायचं ते सांगते, आणि यातलं बरंचसं तुम्हाला नर्सरीत मिळणार नाही, गावातच शोधावं लागेल. पहिली रुई. आपल्याकडे शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती. मारुतीच्या देवळाजवळ किंवा रस्त्याकडेला एक तरी झाड असतंच. त्यावर प्लेन टायगर वाढतं, केशरी रंगाचं, पंखांच्या टोकाला काळं-पांढरं. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलांचा हात पोचेल अशा जागी लावू नका, कुंपणाच्या कडेला लावा. मग लिंबू, कढीपत्ता आणि बेल, यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर ब्लू मॉरमॉन वाढतं, जे २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं, असं फुलपाखरू जाहीर करणारं आपलं पहिलं राज्य. ते मिरजेच्या कोरड्या हवेत येईलच असं नाही, सह्याद्रीच्या बाजूला जास्त दिसतं. सीताफळ आणि तो उंच सरळसोट खोटा अशोक, जो प्रत्येक बंगल्याच्या कंपाउंडला असतो, त्यावर टेल्ड जे, हिरव्या ठिपक्यांचं, एका जागी न थांबणारं. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कॉस्टर, पानफुटीच्या जाड पानांच्या आत बोगदे करून राहणारी रेड पिएरोची अळी, कण्हेरीवर कॉमन क्रो, कोरांटीवर पॅन्सी जातीची.

आणि जे तण म्हणून तुम्ही उपटून टाकलं असणार त्याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो, त्यावर पांढरट-पिवळी एमिग्रंट आणि ती छोटी पिवळी ग्रास यलो वाढतात. घोळ उगवते, तिच्यावर डॅनेड एगफ्लाय वाढतं, ज्याची मादी दिसायला हुबेहूब प्लेन टायगरसारखी असते, म्हणजे रुई खाऊन विषारी झालेल्या फुलपाखराचं सोंग घेऊन ही बिनविषारी मादी पक्ष्यांपासून वाचते. भुरुंडी आणि खुळखुळा असेल तर टायगर, क्रो यांचे नर सुकलेल्या झाडाला सुद्धा येऊन चिकटतात, कारण प्रियाराधनासाठी लागणारं रसायन त्यांना त्यातूनच मिळतं. गाजर गवत खुशाल उपटा, ते परदेशी आहे आणि माणसाला त्रासही देतं, पण टाकळा-घोळ-भुरुंडीसाठी एक कोपरा ठेवा आणि तिथे छोटी पाटी लावा की हे मुद्दाम ठेवलंय, नाहीतर कुणीतरी चांगल्या भावनेने सगळं साफ करून ठेवेल.

लॉन सगळं काढू नका, मुलं खेळतात, पण एका बाजूचा पट्टा काढून माती उघडी ठेवा. जगात मधमाश्यांच्या २०,००० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पोळं वगैरे बांधत नाहीत, एकेकट्या राहतात, जमिनीत बिळं करून. सगळीकडे लॉन नाहीतर पेव्हर ब्लॉक असेल तर त्यांनी जायचं कुठे? त्याच पट्ट्यात एक जागा थोडी ओली ठेवा, फुलपाखरांचे नर ओल्या मातीतले क्षार शोषायला येऊन बसतात.

आमच्या सोसायटीत आम्ही बायकांनी मिळून कुंड्यांमध्ये लिंबू, कढीपत्ता, तुळस, एक्झोरा लावलं. आता कढीपत्त्याला अळ्या पडल्यात, निम्मं झाड खाल्लं. कमिटी म्हणते पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगून फवारून घेऊ, आमच्यातल्याच काही जणी म्हणतात निंबोळी तेल मारू, ते नैसर्गिक आहे. काय करावं? (डोंबिवली)

काहीच करू नका, तुमची बाग चालायला लागलीये! अगदी खरं सांगतेय. तुम्ही फुलपाखरांसाठी बाग केली आणि फुलपाखरू आलं, फक्त ते आत्ता अळी आहे.

एकदा सकाळी कुंडीपाशी दहा मिनिटं बसा आणि पोरांनाही बसवा. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा छोटं, फिकट पिवळं, गोल अंडं दिसेल. त्यातून निघालेली छोटी अळी काळपट-पांढरी, पक्ष्याची विष्ठा पडलीये असंच वाटतं, म्हणून पक्षी तिच्याकडे बघतही नाहीत. मोठी झाली की कात टाकून एकदम हिरवीगार होते, पानात मिसळून जाते. मग तिला काडीने हलकेच स्पर्श करा, डोक्याच्या मागून लालसर-केशरी दोन शिंगं बाहेर काढेल आणि उग्र वास येईल. हे तिचं एकमेव हत्यार आहे, चावत नाही, खाज येत नाही, काही नाही. नंतर ती फांदीला कमरेभोवती एक धागा बांधून कोष करते, आणि अंड्यापासून साधारण महिन्याभरात फुलपाखरू बाहेर. कढीपत्ता पावसाळ्यात पुन्हा फुटतो, मरत नाही. फारच खाल्लं जातंय असं वाटलं तर दोन झाडं जादा लावा, एक आमटीसाठी आणि बाकीची त्यांच्यासाठी असं ठरवून टाका, आमटीच्या झाडावरची अळी उचलून दुसऱ्यावर ठेवता येते.

निंबोळी तेलाबद्दल. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नाहीये. निंबोळीतल्या घटकामुळे अळीची कात टाकायची क्रियाच बिघडते, म्हणूनच शेतकरी ते वापरतात. दशपर्णी अर्काचंही तेच, आणि बीटी नावाने जी जैविक पावडर मिळते ती तर खास अळ्यांसाठीच असते. शेतात, गरज असेल तिथे हे सगळं ठीक आहे, पण फुलपाखरांच्या बागेत हे मारायचं म्हणजे बाग कशाला केली? इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी औषधं तर झाडाच्या अंगात भिनतात आणि परागकणांत, मकरंदात उतरतात, फवारणी केली तेव्हा मधमाशी तिथे नसली तरी नंतर आली की तिला बाधतात. नर्सरीतून रोप आणताना सुद्धा विचारा की काय मारलंय, आणि आणल्यावर नवी पालवी फुटेपर्यंत वेगळं ठेवलेलं बरं.

माझ्या मते अशा बागांचं काम रोपं लावण्यात कमी आणि फवारणी थांबवण्यात जास्त आहे. रोपं एका रविवारी लावून होतात. फवारणीसाठी कमिटीशी बोला, मीटिंगमध्ये विषय ठेवा, पेस्ट कंट्रोलच्या करारात लिहून घ्या की बागेच्या भागात आणि फुलं उमललेल्या झाडांवर काही मारायचं नाही, झुरळं-वाळवीसाठी घरात काय करायचं ते करा. डासांचा मुद्दा निघणारच आणि तो खोटा नाहीये, डेंग्यू होतो, माणसं दगावतात. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, कुंडीखालच्या थाळीत, टायरमध्ये, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळून ही सगळी भांडी रिकामी केली तर धुरापेक्षा जास्त उपयोग होतो, आणि ही जबाबदारी बागवाल्या ग्रुपनेच घ्यावी, म्हणजे कमिटीला पण तुमचं ऐकावंसं वाटेल.

कमिटीतल्या लोकांना घेऊन एकदा ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडीत जाऊन या. राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या शेतजमिनीवर नुसती योग्य झाडं लावून, जाळी नाही पिंजरा नाही, शंभराहून जास्त जातींची फुलपाखरं आणलीयेत. तिथे कुरतडलेली पानं बघितली की लोकांची भीती जाते. जायच्या आधी उघडी असते कधी ते विचारून घ्या.

गच्चीवर आम्ही तीन घरं मिळून भाजीपाला करतो. दुध्याला फुलं भरपूर येतात, बारीक दुधीही दिसतो पण पिवळा पडून गळतो. वांग्याचं पण तसंच, फुलं गळतात. खत घालून बघितलं. (सातारा)

खताचा प्रश्न दिसत नाही. दुध्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, आणि त्याच्याकडे येतात ते रात्रीचे पतंग, मधमाश्या तोपर्यंत घरी गेलेल्या असतात. ज्या फुलाच्या मागे बारीक दुधी असतो ते मादी फूल, साध्या देठावरचं ते नर. नर फुलातले पराग मादीपर्यंत पोचले नाहीत तर तो बारीक दुधी पिवळा पडून गळणारच. आत्तासाठी हाताने करा, अंधार पडायच्या सुमाराला ताजं नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून मधला भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. दोडक्याचंही असंच संध्याकाळी. काकडी, कारलं, भोपळा मात्र सकाळी, भोपळा तर फार लवकर.

पण गच्चीवर रात्रभर मोठा एलईडी चालू असतो का ते बघा, बऱ्याच ठिकाणी असतो. पतंग दिव्याभोवती फिरत राहतात आणि फुलांपर्यंत पोचतच नाहीत. दिवा बंद करा किंवा खाली तोंड करून पिवळसर लावा, शेजारच्या बिल्डिंगलाही सांगून बघा.

वांग्याचं वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलात पराग उघड्यावर नसतात, नळीसारख्या पुंकेसरात बंद असतात, टोकाला बारीक भोक. आपली सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी मधमाशी, ते काढू शकत नाही. निळ्या पट्ट्यांची एक एकटी राहणारी माशी असते, ती आणि तो काळा मोठा भुंगा, हे फुलाला मिठी मारून पंख न हलवता अंग थरथरवतात, तेव्हा मीठदाणीतून पडावेत तसे पराग खाली पडतात. शांत सकाळी कान देऊन ऐका, बसल्या बसल्या आवाज एकदम चढतो. ही निळ्या पट्ट्यांची माशी मातीत, जुन्या मातीच्या भिंतीत घर करते आणि भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत. म्हणून गच्चीवर मातीची मोठी कुंडी उघडी ठेवा, जुने बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवा. तोपर्यंत वांग्याचं फूल बोटाने टिचकी मारून हलवलं तरी फळ धरायला मदत होते. गुलाबाच्या पानांना कडेने कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर घाबरू नका, तीही एक माशीच, पिल्लांच्या घरट्याला अस्तर लावायला नेते.

शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे. पालक म्हणतात जाळा. आणि दुसरं, आमच्या इको क्लबला मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्यात, चालेल का? (कराड)

जाळू नका, प्लीज. आग लावली की उरलेल्या हजारो माश्या चवताळून जो समोर येईल त्याला चावतात, जाळतानाच माणसं जखमी होतात. आग्या माश्या हंगामाप्रमाणे जागा बदलतात, फुलोरा संपला की पोळं सोडून जातात. टाकी वर्गांपासून लांब असेल तर खालचा भाग दोरी लावून बंद करा, तिथे धूर, फटाके, दगड, पतंगाचा मांजा, ड्रोन काही नको, आणि थांबा. मुलांच्या डोक्यावरच असेल तर थांबणं बरोबर नाही, तेव्हा प्रशिक्षित मधपाळ बोलवा, ते माश्या न मारता पोळं काढतात. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, कराडहून तुम्हाला जवळच, तिथे चौकशी करा. कधी माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळत बंद खोलीत जायचं, पाण्यात उडी मारायची नाही, नांगी नखाने खरवडून काढायची, आणि खूप ठिकाणी चावल्या असतील किंवा श्वासाला त्रास, चेहऱ्यावर सूज असेल तर वाट न बघता दवाखाना.

पेट्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. शाळेत, भर वस्तीत पेट्या ठेवायची घाई करू नका. मधमाशीची पेटी म्हणजे जनावर पाळणं आहे, रोज नाही तरी नियमित बघावं लागतं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोण बघणार? शिवाय आजूबाजूला फुलोरा कमी असेल तर पेटीतल्या हजारो माश्या रानटी एकट्या माश्यांचं खाणं संपवतात. आधी दोन-तीन वर्षं झाडं वाढवा. मग पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत, जी १९६२ पासून आहे, एखाद्या शिक्षकाने ट्रेनिंग घ्यावं आणि आपल्या सातेरीपासूनच सुरुवात करावी. मुलांची सहल मात्र आत्ता काढा, महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला. २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे घरोघरी हा धंदा आहे.

आम्ही ट्रेकिंग ग्रुपवाले पावसाळ्यात टेकडीवर बियांचे गोळे टाकतो. या वर्षी फुलपाखरांसाठी कॉसमॉस, झिनिया, घाणेरी टाकायचा विचार आहे. (पुणे)

नका टाकू. टेकडीवर तर अजिबात नको. पिवळा-केशरी कॉसमॉस मेक्सिकोकडचा, एकदा पडला की पुढच्या वर्षी आपोआप येतो आणि तिथलं स्थानिक गवत, तेरडा, बारीक कंदवर्गीय फुलं यांची जागा घेतो. घाणेरीवर फुलपाखरं बसतात हे खरं, पण तिने आपली किती जंगलं खाल्लीत ते तुम्ही ट्रेकला बघताच. टेकडी आपली आपण फुलते, तिला फक्त वणवा आणि कचरा यापासून वाचवा. हात शिवशिवत असतील तर शहरातला एखादा ट्रॅफिक आयलंड दत्तक घ्या.

ह्यूस्टनला आमच्या नेबरहुडमध्ये मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड लावायची मोहीम आहे. मी होम डेपोतून लाल-पिवळ्या फुलांचं आणलं, आई म्हणाली हे तर आपलं हळदीकुंकू! लावलं तर चालेल ना?

आई बरोबर ओळखतायत, तेच ते. मिल्कवीड म्हणजे रुईच्याच कुळातली झाडं, मोनार्कच्या अळ्या तीच खातात. हे मूळचं अमेरिका खंडाच्याच उष्ण भागातलं, आपल्याकडे येऊन रुळलं आणि इथलं प्लेन टायगर त्यावर मजेत वाढतं. पण ह्यूस्टनला अडचण अशी की तिथल्या सौम्य थंडीत ते मरत नाही, हिरवंच राहतं. मोनार्कचा एक परजीवी त्याच पानांवर साठत जातो आणि काही फुलपाखरं थंडीच्या आधी नेहमीसारखं दक्षिणेकडे स्थलांतर करायच्या ऐवजी तिथेच थांबून अंडी घालतात. म्हणून टेक्सासचं स्थानिक मिल्कवीड शोधा. हे ठेवायचंच असेल तर शरद ऋतूत जमिनीलगत छाटून टाका, दर वर्षी, न चुकता.

नगरपरिषदेच्या बागेत एक कोपरा मागितला होता. तोंडी हो म्हणाले, आम्ही रोपं लावली, आणि ठेक्याच्या माणसाने ग्रास कटरने सगळं सपाट केलं. पुन्हा करायची हिंमत होत नाहीये. (वाई)

वाचून फार वाईट वाटलं. पण त्या माणसाला कुणी सांगितलंच नसणार, त्याला गवत कापायचे पैसे मिळतात आणि टाकळा हे त्याच्या दृष्टीने गवतच. पुन्हा करा, फक्त या वेळी लेखी. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, जागेचा साधा नकाशा जोडा, झाडांची यादी जोडा, कोण पाणी घालणार त्यांची नावं लिहा, आणि पोच घ्या. २०२० पासून राज्य सरकारचं पर्यावरणासाठी माझी वसुंधरा अभियान चालू आहे, त्यात नगरपरिषदांना हिरवाई आणि जैवविविधतेच्या कामांसाठी गुण असतात, म्हणजे तुमचं काम त्यांनाही दाखवता येतं, हे अर्जात स्पष्ट लिहा. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तुमच्याकडे तिचे सदस्य कोण ते विचारा, बऱ्याचदा त्यांनाही असं काम हवंच असतं.

जागेभोवती विटांची एक ओळ आणि दोरी लावा, कटर कुठे थांबवायचा ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. ठेक्याच्या माणसाला चहाला बोलवून कोष दाखवा. शक्य असेल तर त्यालाच थोडे पैसे देऊन त्या कोपऱ्याची जबाबदारी द्या, रोज तिथे असणारा तोच आहे.

सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, लोक आपापल्या गावातली फुलपाखरं मोजून फोटोसकट नोंदवतात. तुम्ही पण त्या कोपऱ्याची मोजणी करा आणि आकडे नगरपरिषदेला द्या, पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती जोडता येईल. रोपांसाठी पैसे घालवू नका. रुई फांदी लावून येते, कढीपत्त्याची पिल्लं कुणाच्याही परसात मिळतील, पानफुटीचं तर एक पान मातीवर टाकलं तरी पुरे. टाकळ्याच्या शेंगा दिवाळीच्या सुमाराला वाळायला लागतात, तेव्हा रस्त्याकडेच्या गोळा करून कागदी पाकिटात ठेवा.